आईच्या फोटोतला उजेड

एसटीची वेळ झाली होती. मी बॅगेची चेन ओढत होते. आबा गिरणीतून अंगावरचं पीठ झटकत आत आले, बॅगेकडे बघितलंही नाही, भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "आईले सांग, मंग जाय."

आमच्या घराचा हा नियमच होता. परीक्षा असो, जामनेरचं लग्न असो, नाहीतर दाढ काढायला जळगावला जाणं असो, निघताना आईच्या फोटोपुढे उभं राहायचं आणि कुठे चाललो, कधी येणार ते सांगायचं. मी दोन वर्षांची असताना आई गेली. मला तिचा आवाज आठवत नाही, वास आठवत नाही, हात आठवत नाही. माझ्या वाट्याला आली ती काचेमागची आई. डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, डाव्या भुवईत एक बारीक खाच आणि चंदनाच्या सालीचा हार. खोलीत कुठेही उभं राहा, ती आपल्याकडेच बघायची. लहानपणी मी दाराआडून डोकावायचे, तर तिथेही बघायची. भीती नाही वाटायची हो, उलट घरात मोठं माणूस आहे असं वाटायचं.

त्या दिवशीही सांगितलं, "आई, धुळ्याला चालले. देवपूरला कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली. पंधरा दिवसांनी येईन."

आता हसा. लोक अमेरिकेला जातात, दुबईला जातात आणि मग आठवणी लिहितात. ही बाई धुळ्याला गेली, म्हणजे दुपारच्या एसटीने संध्याकाळच्या चहाला पोचेल एवढं लांब, आणि हिला म्हणे घराची आठवण येते! हसून घ्या. पण जे तुम्ही आपल्या असोद्यातच राहिलात आणि जे माझ्यासारखी बॅग उचलून सुरतेला, पुण्याला गेलात, त्या तुम्हा सगळ्यांना मला काहीतरी विचारायचं आहे. ते शेवटी विचारेन. आधी काय झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही मला वेडी म्हणाल.

देवपूरला मी एका मावशींच्या घरी वरची खोली घेतली. बोली वेगळी. आमच्याकडे 'आहे' म्हणतात तिथे मावशी 'शे' म्हणायच्या. पहिले काही महिने मी मान डोलावायचे आणि अर्थ नंतर लावायचे. सोमवार ते शनिवार कॉलेजच्या फॉर्मात, दाखल्यांत जायचे. रविवार मात्र खायला उठायचा. मैत्रीण नाही, सिनेमाला एकटी जायची हिंमत नाही. शेवटी ऑफिसातल्या एका सरांनी विकायला काढलेला जुना कॅमेरा घेतला. शिकवणार कोण? मग मीच मास्तरीण आणि मीच विद्यार्थिनी. एक वही केली. दर सोमवारी त्यात विषय लिहायचा आणि रविवारपर्यंत त्या एकाच विषयाचे दहा फोटो काढायचे, अकरावा नाही. पहिला विषय होता 'पायऱ्या'. मावशी खालून ओरडल्या, "बठ्ठं धुळं सोडीसन मन्या पायऱ्याच काब्र सापडन्यात तुले?" म्हणजे, सगळं धुळं सोडून माझ्याच पायऱ्या का सापडल्या तुला?

पहिल्या महिन्याचे फोटो बघवत नाहीत. पायऱ्या वाकड्या, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आठवड्यात दहापैकी सात फोटोंत माझंच बोट. पण दर रविवारी मी स्वतःच स्वतःला मार्क द्यायचे आणि ते अगदी कंजूषपणे द्यायचे. पाठमोरी माणसं, पाण्यातली सावली, बंद दुकानांची कुलपं असे विषय होत गेले. हळूहळू कळायला लागलं की फोटो वस्तूचा नसतोच, उजेडाचा असतो. उजेड कुठून येतोय ते आधी बघायचं. नाकाची सावली गालावर कुठे पडली ते बघितलं की खिडकी कुठल्या बाजूला होती ते सांगता येतं. आणि डोळे! प्रत्येक उघड्या डोळ्यात एक पांढरा ठिपका असतो, दिव्याचा नाहीतर खिडकीचा. तो ज्या बाजूला, त्या बाजूला उजेड. एका आठवड्याचा माझा विषयच होता 'डोळ्यातला ठिपका'. कॉलेजच्या शिपायापासून पांझरा नदीच्या पुलावर पेरू विकणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांत मी डोकावत फिरले.

त्या आठवड्यात असोद्याला जाणं होतं. नऊ फोटो झाले होते. दहावा म्हटलं आईचाच काढू. स्टुलावर चढले, काच पुसली, चमक येऊ नये म्हणून दार लोटलं आणि फोटो काढला. मग ओट्यावर बसून तो मोठा करून बघायला लागले.

आईच्या डोळ्यांतले ठिपके डावीकडे होते. नाकाची सावली उजवीकडे. बरोबर. पण हनुवटीखाली मानेवर सावली पडली होती ती डावीकडे. पदराच्या चुण्यांमध्येही डावीकडेच. म्हणजे चेहऱ्यावर उजेड एका बाजूने आणि मानेवर दुसऱ्या बाजूने. मी परत परत बघितलं. कुंकवावर तर उजेडच नव्हता, ते नुसतं रंगवलेलं होतं. पदर आणि केसांच्या मधली रेघ ब्रशाने ओढलेली होती. आत चुलीवर डाळ शिजत होती, गिरणीची फटफट चालू होती. फोटोतलं ते डोकं त्या मानेवरचं नव्हतं.

आबांना विचारलं का? नाही. हिंमत झाली नाही. निघताना फोटोपुढे उभी राहिले आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडून शब्द निघेना. ती बघत होती, नेहमीसारखीच. मी नुसतीच मान हलवून निघाले.

मनाला समजावलं, जुना फोटो आहे, स्टुडिओवाल्याने मान दुरुस्त केली असेल, अंगावरची साडी बरी नसेल. चेहरा तर आईचाच आहे ना! भुवईतली ती खाचच बघा. लहानपणी झोक्यावरून पडली, तेव्हा लागलं होतं म्हणे. आमच्या गल्लीत निदान चौघींनी मला ती गोष्ट सांगितली आहे. एकीने तर रक्त किती वाहिलं तेही सांगितलं होतं.

मग आला 'काम करणारे हात' हा आठवडा. जुन्या धुळ्यात, मुसलमान मोहल्ल्यातल्या एका गल्लीत दारात मशीन टाकून एक बाई रजईचा अभ्रा शिवत होत्या. साठीच्या असतील. डोक्यावर ओढणी, मान खाली. विचारलं, "हातांचा फोटो काढू का?" त्या मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "काढ बेटा, हात को क्या होता." मी वाकून कॅमेरा लावला, आणि दोरा तोडायला त्यांनी तोंड वर केलं.

माझं बोट दाबलं गेलं ते आपोआप. समोर आई बसली होती. म्हातारी झालेली, गाल बसलेले, पण आईच. डाव्या भुवईत तीच खाच. आणि बघणं तेच, अगदी तेच. भर सकाळ होती, शेजारी दुधाच्या पिशव्या वाटणं चाललं होतं. काहीतरी पुटपुटले आणि तिथून सरळ पळ काढला. पुलावर येऊन श्वास घेतला. खोलीवर जाऊन तो फोटो आणि भिंतीवरचा फोटो मोबाईलमध्ये घेतले आणि शेजारी शेजारी लावून बघितले. कानाची पाळी, ओठांची ठेवण, खाच. सात दिवस मी त्या गल्लीकडे फिरकले नाही. वहीत त्या सोमवारी विषयच लिहिला नाही.

पुढच्या रविवारी गेले. त्यांचं नाव शमीम, गल्लीत सगळे शमीमखाला म्हणायचे, म्हणजे शमीममावशी. चहा ठेवला, मी नको म्हटलं तरी ठेवला. मी सरळ विचारलं, "भुवईला काय झालं होतं?"

"बकरीनं शिंग मारलं. जळगावला. माझं माहेर जळगाव ना."

जळगाव ऐकलं आणि मी मोबाईलमधला भिंतीवरचा फोटो उघडून पुढे धरला. त्यांनी चष्मा लावला. मग बोटाने फोटोतलं कुंकू झाकलं, दुसऱ्या बोटाने पदर झाकला, आणि म्हणाल्या, "या अल्ला. ये तो मैं हूँ."

शिवणक्लासच्या फॉर्मसाठी त्यांनी जळगावच्या एका स्टुडिओत फोटो काढला होता. चार दिवसांनी न्यायला या म्हणून सांगितलं, आणि तेवढ्यात धुळ्याचं स्थळ आलं. निकाह झाला, क्लास राहिला, फोटोही राहिला. "लग्नाआधीची माझी एकच तसवीर. मी विसरूनच गेले होते. तुझ्याकडे कशी?"

मी सगळं सांगितलं. आई गेली ते, हार ते, निघताना सांगून जायचं ते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबा पितरांची घागर भरतात, आमरस-पोळीचं पान वाढून फोटोपुढे ठेवतात आणि निखाऱ्यावर आईच्या नावाने घास सोडतात, तेही सांगितलं. मला वाटलं त्या चिडतील. जिवंत बाईच्या गळ्यात हार, कपाळाला कुंकू, वर नैवेद्य! कुणीही चार शिव्या हासडल्या असत्या.

खाला आधी हसल्या. "इतके साल हार घातला? तभी तो! दोन वेळा दवाखान्यातून परत आले. घरवाला गेला, दीर गेला, माझ्या मागून आलेल्या जावा गेल्या. मौत को मेरा पता ही नहीं मिलता."

आपल्याकडे म्हणतातच, मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं. मीही हसले. मग त्यांचं हसू थांबलं. "तो दिवस कधी असतो? उन्हाळ्यात?"

"वैशाखात. आंब्याच्या दिवसांत."

"दरवर्षी उन्हाळ्यात एक दिवस मला भूकच लागत नाही," त्या म्हणाल्या. "सकाळपासून पोट भरलेलं. सून म्हणते ऊन लागलं."

मशीनवर अभ्रा तसाच पडला होता. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत चहा प्यायलो.

राग कुणाचा आला म्हणाल तर आबांचा. कडकडून आला. सबंध जन्म एका परक्या बाईला मी माझी दुखणी-खुपणी सांगत आले, पहिली पाळी आली तेव्हा तिच्यापुढे रडले, आणि या माणसाने एका शब्दाने सांगू नये? असोद्याला गेले ते तडक गिरणीत. पट्टा थांबवायला लावला.

आबांनी ऐकून घेतलं. पिठाचे हात मांडीवर ठेवून बसले. "लग्नात फोटोवाला व्हता," ते म्हणाले. "रीळ कोरं निंघालं. तेराव्याले फोटो पायजे, भाऊबंद म्हने. मी जळगावले गेलो. स्टुडिओवाला म्हने, सांगा, नाक कसं, कपाळ कसं, मी चितारतो. मले सांगताच येये ना."

"का?"

"आठवे ना, बाई. रोज पाह्यलेलं तोंड. सात वर्सं समोर बसून जेवलो. अन् आठ दिवसांत गेलं."

मग त्या स्टुडिओवाल्याने पत्र्याचा एक डबा काढला. फोटो काढून लोक न्यायला येत नाहीत, ते सगळे त्यात. म्हणाला, यातून जवळचं दिसेल ते निवडा, पदर-कुंकू मी करून देतो. त्याची ही नेहमीचीच रीत होती. ज्याच्या गेलेल्या माणसाचा फोटोच नाही, त्याला डब्यातून द्यायचं.

"मग हा जवळचा वाटला?"

"नही," आबा म्हणाले. "बाकी बठ्ठे क्यामेऱ्याकडं पाहत व्हते. हे तोंड माह्याकडं पाहत व्हतं. म्हनून घेतलं."

मी विचारलं, निदान आता तरी आईचा चेहरा आठवतो का? त्यांनी डोळे मिटले. पट्ट्याची घरघर बंद होती, त्यामुळे त्यांचा श्वास ऐकू येत होता. "हेच येतं," ते म्हणाले. "इतकी वर्सं झाली. आता हेच येतं."

राग कुठल्या कुठे गेला. राहिली ती भीती. कारण मला एकदम कळलं की झोक्याची गोष्ट सांगणाऱ्या त्या चौघी खोटं बोलत नव्हत्या. त्यांनाही हेच येतं. भिंतीवरच्या त्या चेहऱ्याने गल्लीतल्या एकेकीच्या डोक्यातून माझ्या आईला पुसून काढलं होतं, आणि कुणाला पत्ताही नव्हता.

खालांना मात्र एकच ध्यास लागला. "मला बघायची आहे ती तसवीर. मोबाईलमध्ये नाही, भिंतीवरची." एका रविवारी आम्ही दोघी एसटीने निघालो. जळगाव आलं तशा त्या खिडकीला चिकटल्या, काही ओळखीचं दिसतं का बघत. काहीच दिसलं नाही असं म्हणाल्या. तिथून असोद्याची गाडी पकडली. मी आबांना फोन करून सांगितलं होतं, पाहुण्या आणते आहे, कोण तेही सांगितलं होतं.

आबा ओट्यावर बसले होते. ऊन लख्ख होतं. खाला पायरीशी थांबल्या. आबांनी वर बघितलं, उठले नाहीत, आणि रोज संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाला म्हणावं तसं म्हणाले, "आली? लई उशीर केला."

खालांनी माझ्याकडे बघितलं. मग ओढणी सारखी केली आणि शांतपणे म्हणाल्या, "हो. जरा उशीर झाला."

आबांनी सरकून ओट्यावर जागा करून दिली. खाला शेजारी बसल्या. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि माठापाशी उभी राहून रडले. नंतर आबा मला हळूच म्हणाले, "म्हातारा झालो, येडा नही झालो. मले समजत व्हतं ती नव्हे. पन् एकदा म्हनायचं व्हतं."

खाला फोटोपुढे उभ्या राहिल्या. वरपासून खालपर्यंत बघितलं. "किती छान दिसायचे मी," त्या म्हणाल्या. "कोणी सांगितलंच नाही." आबा स्टूल घेऊन आले. जित्या माणसाच्या गळ्यात हार नको म्हणून काढायला हात वर केला, तशा खाला ओरडल्याच, "निकालो मत! इतकी वर्षं घातलाय. आता काढला आणि मी गेले तर?"

आबांचा हात वरच राहिला. मग त्यांनी हाराची गाठ नीट केली आणि खाली उतरले.

तेव्हापासून तो हार तसाच आहे. आबा दर पंधरा दिवसांनी त्यावरचं पीठ झटकतात, एक साल जरी तुटली तरी दोऱ्याने बांधतात. फोनवर आधी विचारतात, "खाला बरी आहे ना?" मग माझी चौकशी. तुम्हाला गंमत वाटेल. मलाही कधीकधी वाटते. पण निघताना आता त्या भिंतीपुढे उभं राहवत नाही. तिथे शमीमखाला आहेत, आणि त्यांना सांगायचं ते मी धुळ्यात चहा पिताना सांगतेच की.

आईला कुठे सांगू? घर म्हटलं की मला पूर्वी ती भिंत दिसायची. आता घर म्हणजे तुम्ही. असोद्यातली जी काय पाच-दहा म्हातारी माणसं अजून आहेत, आणि जी लेकरांकडे सुरतेला, पुण्याला जाऊन राहिली आहेत, ती. माझी आई कुठे उरली असेल तर तुमच्यातच, तुमच्या कुणाच्या तरी डोक्यातल्या कोपऱ्यात. तिला भाऊ-बहीण नव्हते, तिचे आई-वडील मी जन्मायच्या आधीच गेले. दुसरं कोणी नाही विचारायला.

तिचं नाव निर्मला. सात वर्षं ती त्या गल्लीत राहिली. तुमच्याबरोबर विहिरीवर आली असेल, शेंगा फोडायला बसली असेल, कुणाशी भांडलीही असेल. मेहरबानी करून झोक्याची गोष्ट सांगू नका. आमच्या भिंतीवरचा फोटो आधी डोळ्यांपुढून बाजूला करा. जमत नसेल तर दोन दिवस थांबा, पण करा. मी कळवाल तिथे येईन. मी आबांवर गेलेले नाही, हे तर तुम्हीच म्हणत आलात. तेव्हा मला उजेडात बसवा, माझ्या तोंडाकडे नीट बघा आणि सांगा, यातलं तिचं काय आहे?